सत्तेचाळीस नंबरचा फोटो

डॉ. पुरुषोत्तम मालशे यांचा नवा स्कॅनर डायनिंग टेबलावर येऊन तीन आठवडे झाले होते, आणि तेवढेच दिवस अर्चनाताई ताट मांडीवर घेऊन जेवत होत्या.

"अहो, हे ग्रीक लोक अजून किती दिवस मुक्कामाला आहेत आपल्याकडे?" त्यांनी एका दुपारी विचारलं.

"साठ झाले. पस्तीस उरलेत," पुरुषोत्तम म्हणाले. नजर स्क्रीनवर होती आणि कानात क्रिकेटची कॉमेंट्री.

वेल्समधल्या कार्डिफच्या हॉस्पिटलात पस्तीस वर्षं पेशंटांना भूल देऊन पुरुषोत्तम निवृत्त झाले होते. शेजारचे स्टाव्रोस कारालिस हेही निवृत्त, पण फिश अँड चिप्सच्या दुकानातून. स्टाव्रोस यांचे आजोबा शंभर वर्षांपूर्वी कोळसा न्यायला आलेल्या जहाजावरून आले, इथे तापाने आजारी पडले, आणि जहाज त्यांना मागे टाकून निघून गेलं. बरे झाल्यावर त्यांनी बंदराजवळ खलाशांसाठी खाणावळ काढली. अशा मागे राहिलेल्या, पळून आलेल्या आणि लग्न करून अडकलेल्या पहिल्या ग्रीकांचं एक प्रदर्शन चर्चच्या हॉलमध्ये भरणार होतं. घराघरांतून जुने फोटो बिस्किटांच्या डब्यांत भरून आले होते. ते स्कॅन करून देतो, असं पुरुषोत्तम कुंपणावरून बोलून गेले, आणि दुसऱ्या दिवशी सहा डबे दारात हजर झाले.

पुरुषोत्तम शिस्तीचे. प्रत्येक फोटोला नंबर, प्रत्येक नंबरापुढे माहिती. "क्र. १२, दोन स्त्रिया, एक बोकड." "क्र. ३१, लग्न, नवरा नाराज." अशी यादी ते मन लावून बनवत होते.

घोटाळा झाला तो त्याच आठवड्यात. घरातल्या हॉलमधली जळमटं काढताना अर्चनाताईंच्या हातून अण्णा आजोबांची तसबीर पडली आणि काच तडकली. अण्णा आजोबा म्हणजे पुरुषोत्तमांचे आजोबा, बळवंतराव मालशे. अर्चनाताईंनी काचा गोळा केल्या, फोटो अलगद बाहेर काढला आणि नवऱ्याला दिसावा म्हणून टेबलावर ठेवला. नवऱ्याला तो दिसला. त्यांनी तो उचलला, स्कॅन केला आणि यादीत लिहिलं, "क्र. ४७, पुरुष, मिशी, बंदर. नाव अज्ञात." आधीचा सत्तेचाळीस नंबरचा फोटो दोनदा आल्यामुळे रद्द झाला होता, त्या जागी हा नेमका बसला.

स्वतःचे आजोबा पुरुषोत्तमांना ओळखू आले नाहीत यात त्यांचा अगदीच दोष होता असं नाही. ते जन्मले तेव्हा आजोबा हयात नव्हते. लहानपणापासून पाहिला तो फ्रेममधला, छातीपर्यंतचा, कपाळी गंध लावलेल्या काचेआडचा आणि चंदनाच्या हारातला चेहरा. फ्रेमच्या पुठ्ठ्याखाली बाकीचे आजोबा होते हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ते बाहेर आले तेव्हा एक पाय जहाजाच्या दोरखंडावर ठेवून, टोपी काखेत धरून, समुद्राकडे तुच्छतेने बघत उभे होते. मालशांच्या घराण्यात असं कोणी कधी उभं राहिलं नव्हतं.

डबे परत गेले. अर्चनाताईंना वाटलं, फोटो ह्यांनी फ्रेम करायला दिलाय. पुरुषोत्तमांना वाटलं, तसबीर हिने साफ करायला काढलीय. टेबलावर पुन्हा जेवण सुरू झालं.

तीन आठवड्यांनी अर्चनाताईंचा फोन आला. "अहो, मी लायब्ररीत आहे. अण्णा आजोबाही इथेच आहेत."

"कोणाचे आजोबा?"

"तुमचे. सहा फूट उंच. दारातच उभे आहेत."

पुरुषोत्तम घरातल्या चपला घालूनच लायब्ररीत पोचले. दारात प्रदर्शनाचा उंच बॅनर होता. त्यावर आजोबा, दोरखंड, टोपी. वर लिहिलं होतं, "कार्डिफचे पहिले ग्रीक". आणि खाली, "तुम्ही यांना ओळखता का?"

"ओळखतो," पुरुषोत्तम हळूच म्हणाले.

"आता ओळखून काय उपयोग?" अर्चनाताई म्हणाल्या. "स्टाव्रोसना जाऊन सांगा. आत्ताच्या आत्ता. मी सॉरी म्हणून शंकरपाळी देते बरोबर."

शंकरपाळ्यांचा डबा घेऊन पुरुषोत्तम शेजारी गेले. स्टाव्रोस यांनी त्यांना मिठीच मारली.

"डॉक्टर, तुमच्या सत्तेचाळीस नंबरने कमाल केली. सगळ्यांत देखणा फोटो. कमिटीने एकमताने निवडला. पण त्याच्यावरून भांडणंही काय झाली म्हणून सांगू."

"भांडणं?"

"आमचा न्हावी निकोस म्हणतो, हे माझे पणजोबा, कान बघा. न्यूपोर्टचं एक कुटुंब म्हणतं, कान कोणाचेही असतात, मिशी आमची आहे. गेल्या रविवारी चर्चमध्ये दोन्ही घरं दोन टोकांना बसली. निकोसने न्यूपोर्टच्या म्हाताऱ्याचे केस कापायला नकार दिला, तेही अर्धे झालेले असताना."

पुरुषोत्तमांनी डबा टेबलावर ठेवला. "स्टाव्रोस, त्या फोटोबद्दलच बोलायला आलोय. खरं म्हणजे तो फोटो—"

"काल मिटलं सगळं," स्टाव्रोस म्हणाले, आणि त्यांचे डोळे पाणावले. "आमच्या डेस्पिनाबाई. वय त्र्याण्णव. आमच्यापैकी निम्म्या लोकांना शनिवारच्या शाळेत ग्रीक त्यांनीच शिकवलं. त्यांच्या वडिलांचा एकुलता एक फोटो एक्केचाळीस सालच्या बॉम्बहल्ल्यात घराबरोबर जळाला. दर कार्यक्रमाला सगळे आपापले आजोबा, पणजोबा घेऊन यायचे आणि त्या रिकाम्या हाताने यायच्या. काल मी त्यांना बॅनर दाखवला. बराच वेळ बघत बसल्या. मग त्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, 'बाबा.' बस्स. डेस्पिनाबाईंशी वाद घालायची कोणाची हिंमत आहे? तर, तुम्ही काय सांगत होता?"

पुरुषोत्तमांनी डबा पुढे सरकवला. "अर्चनाने शंकरपाळी दिलीत," ते म्हणाले.

ते घरी आले तेव्हा त्यांच्या हातात दुसरा डबा होता.

"सांगितलंत?"

"सांगणारच होतो."

"मग हे काय आहे?"

"बकलावा. त्यांच्याकडची मिठाई."

सगळं ऐकून अर्चनाताई खुर्चीत बसल्या. मघाचा त्यांचा ठामपणा निघून गेला होता. "त्र्याण्णवाव्या वर्षी बिचारीला वडील मिळाले. आता आपण जाऊन सांगायचं का, की बाई, हे रत्नागिरीचे मालशे आहेत?"

"पण खोटं आहे ते, अर्चना. माझ्यामुळे झालेलं खोटं. पस्तीस वर्षं मी पेशंटला सुई टोचायच्या आधी दुखेल असं सांगत आलो."

"आणि पेशंट घाबरायचे."

शेवटी असं ठरलं की प्रदर्शनाच्या दिवशी पुरुषोत्तमांनी डेस्पिनाबाईंना बाजूला गाठून, एकट्यांनाच, हळूच सांगायचं. पुढचं त्या ठरवतील. हा बेत तसा चांगला होता. पण त्याच रात्री कॉव्हेंट्रीहून पुरुषोत्तमांची चुलत बहीण आसावरी हिचा फोन आला. ती शनिवारी येत होती. प्रदर्शन शनिवारीच होतं. आणि अण्णा आजोबांच्या त्याच फोटोची दुसरी प्रत, तशीच छातीपर्यंतच्या फ्रेममध्ये, आसावरीच्या दिवाणखान्यात लावलेली होती.

"हिला कॅसल दाखवायला नेऊ," पुरुषोत्तम म्हणाले.

शनिवारी आसावरी आली. "कॅसल तीनदा बघून झालाय, दादा. दगड तेच आहेत ना?" ती म्हणाली. तिला बागेत चहा दिला, तोवर कुंपणापलीकडून स्टाव्रोस यांचं डोकं वर आलं. डॉक्टरांची बहीण आल्याचं कळताच त्यांनी तिला आग्रहाने बोलावलं. खायला काय काय आहे तेही सांगितलं. आसावरी साडी बदलायला आत गेली.

"तिला आधी सांगून ठेवायला हवं," अर्चनाताई कुजबुजल्या.

"गाडीत सांगतो."

पण गाडीत स्टाव्रोसही बसले, कारण त्यांची गाडी खुर्च्या घेऊन आधीच गेली होती. चर्चच्या हॉलपर्यंत ते आपल्या आजोबांच्या खाणावळीबद्दल बोलत राहिले, मध्ये बोलायला कोणाला फटच मिळाली नाही.

हॉल भरला होता. भिंतींवर खलाशी, खाणावळीच्या मालकिणी, बोकड आणि नाराज नवरा. समोर स्टेजवर अण्णा आजोबा. खालची ओळ आता बदलली होती. तिथे लिहिलं होतं, "कॅप्टन यानिस". डेस्पिनाबाईंचे वडील खरं तर जहाजावर भट्टीत कोळसा घालायचे, पण हा रुबाब बघून कमिटीने त्यांना बढती दिली होती.

आसावरी दारातच थबकली. मग सरळ स्टेजकडे चालू लागली. पुरुषोत्तम मागोमाग निघाले, पण मध्ये न्यूपोर्टचं अख्खं कुटुंब आडवं आलं. ते पोचेपर्यंत आसावरीने सँडल काढून बाजूला ठेवले होते. डोक्यावरून पदर घेतला, वाकली, आणि बॅनरवरच्या पायांना हात लावून नमस्कार केला. सरळ झाली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

हॉलमधल्या सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"आमच्याकडे वडीलधाऱ्यांना असाच नमस्कार करतात," पुरुषोत्तम स्टाव्रोसना म्हणाले. हे तरी खोटं नव्हतं.

स्टाव्रोस यांनी ते मोठ्याने सगळ्यांना सांगितलं. लोक हेलावले. एक म्हातारी पुढे आली आणि तिने बॅनरसमोर छातीवर क्रूसाची खूण केली. तिच्यामागे दुसरी. बघता बघता रांग लागली. रांगेत निकोस न्हावी होता, त्याच्या मागे न्यूपोर्टचा म्हातारा, आणि निकोस त्याच्या अर्ध्या कापलेल्या केसांकडे ओशाळून बघत होता. "सोमवारी या," तो म्हणाला.

"दादा," आसावरी मराठीत म्हणाली, "अण्णा आजोबा इथे काय करतायत?"

"घरी गेल्यावर सांगतो."

"आणि हा यानिस कोण?"

"सध्या तरी तेच आहेत. तू जा, काहीतरी खाऊन घे."

अर्चनाताईंनी नणंदेचा दंड धरला आणि तिला टेबलाकडे नेलं. पुरुषोत्तम कोपऱ्यात गेले. तिथे काळ्या पोशाखात, मांडीवर पर्स घेऊन डेस्पिनाबाई बसल्या होत्या. पुरुषोत्तम त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर टेकले. भाषण तयार होतं, पण पहिलं वाक्यच आठवेना.

"मॅडम, मला तुमची माफी मागायची आहे."

"ती साडीतली बाई तुमची कोण?" डेस्पिनाबाईंनी विचारलं.

"चुलत बहीण."

"आणि ते?" त्यांनी हनुवटीने स्टेजकडे खूण केली.

पुरुषोत्तमांनीही तिकडे बघितलं. "आजोबा. आम्हा दोघांचे. चूक माझी आहे. फोटो चुकून तुमच्या डब्यात गेला."

डेस्पिनाबाईंनी मान डोलावली. त्यांना धक्का बसल्यासारखं काही दिसलं नाही. "माझे बाबा माझ्या खांद्याला लागतील एवढे होते," त्या म्हणाल्या. "टक्कल. मिशी नाहीच. भट्टीत एकदा जळाली ती पुन्हा नीट आलीच नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मी म्हातारी आहे, आंधळी नाही. निकोस आणि ते न्यूपोर्टवाले एका फोटोवरून चर्च फोडायला निघाले होते. दोघांचेही ते कोणी लागत नव्हते, हे मला दिसत होतं. मग म्हटलं, हा माणूस एकटा दिसतोय, आणि मलाही भिंतीवर कोणी नाही. दोघांची सोय होईल. पण मघाशी तुमची बहीण वाकली, आणि कळलं की ह्यांना माणसं आहेत." त्यांनी पर्सची कडी उघडली, पुन्हा बंद केली. "तुम्हाला फोटो परत हवा असेल तर मी आत्ता उठून सगळ्यांना सांगते. मला लाज वाटेल, पण सांगते."

पुरुषोत्तमांनी हॉलकडे नजर टाकली. निकोस न्यूपोर्टच्या म्हाताऱ्याला कॉफी ओतून देत होता. टेबलाजवळ आसावरी हातवारे करत कोणाला तरी काहीतरी समजावत होती आणि तिचा तिसरा बकलावा चालू होता.

"राहू देत," ते म्हणाले. "कॉव्हेंट्रीला दुसरी प्रत आहे. पण तुमच्या वडिलांचा खरा फोटो मात्र जळायला नको होता."

"कुठला फोटो? कधी काढलाच नव्हता. बॉम्बचं आईने सांगितलं, चारचौघांत बरं दिसावं म्हणून. बाबा कॅमेरा बघितला की पळायचे. चेहरा कागदावर आला तर पकडतील, म्हणायचे."

"कोण पकडेल?"

"कस्टमवाले. प्रत्येक खेपेला कोटाच्या अस्तरात तंबाखू शिवून आणायचे ना. आमचं घर त्याच्यावरच उभं राहिलं." त्या पुरुषोत्तमांकडे वळल्या. "तुमचे आजोबा काय करायचे?"

पुरुषोत्तम जरा घुटमळले. "रत्नागिरी बंदरावर होते," ते म्हणाले. "कस्टम्समध्ये. तंबाखू पकडायचे."

डेस्पिनाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग बॅनरकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. त्यांचे खांदे हलू लागले. त्या इतक्या हसल्या की रुमाल तोंडाला लावावा लागला, आणि पर्स मांडीवरून खाली पडली. पुरुषोत्तमांनी ती उचलली. आणि बॅनर पाहिल्यापासून पहिल्यांदाच, तेही हसले.

आवाज ऐकून स्टाव्रोस धावत आले. "काय झालं, डॉक्टर? डेस्पिनाबाई रडतायत?"

"नाही, नाही. वडिलांच्या आठवणी सांगत होत्या."

"अरे वा. आम्हाला त्या कधीच काही सांगत नाहीत. कसे होते कॅप्टन?"

पुरुषोत्तमांनी स्टेजवर नजर टाकली. दोरखंडावर पाय ठेवून आजोबा समुद्राकडे बघत होते.

"फार कडक," ते म्हणाले. "चोरटी तंबाखू म्हणून कधी बंदराच्या बाहेर जाऊ दिली नाही."

शेजारी डेस्पिनाबाईंना पुन्हा हसण्याची उबळ आली. स्टाव्रोस यांनी खिशातून पेन काढलं आणि कॅप्टन यानिस यांच्या माहितीत भर घालण्यासाठी ते वाक्य शब्दशः लिहून घेतलं.