कंडक्टर आबांच्या दोन फेऱ्या

सहा महिन्यांच्या पोराला 'अहो-जाहो' करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. धरणगावला आमच्या समोर राहणारे, एस.टी.तून रिटायर झालेले कंडक्टर आबा. पाळण्यात कुणी दिसलं की टोपी सारखी करायची, जरा वाकायचं आणि म्हणायचं, "काय साहेब, कसा शेतस? एरंडोलनी गाडी आज लेट शे बरं का!" साहेब पायाचा अंगठा तोंडात घालून ऐकत असत. कुणी पोराला 'अले अले' केलं की आबा भडकत. "ल्हानं शे, खुळं नही!"

मोठ्या माणसांशी मात्र त्यांचं जमत नसे. मी नमस्कार केला तर 'हं' म्हणून मोकळे होत.

मी तरी कुठे बोलका होतो? पोस्टात तारबाबू. दहा शब्दांत जन्ममरण उरकायची सवय. बायको सुमन माझ्याहून अबोल. लग्न जमवताना आमच्या वडिलांना या गुणाचं फार कौतुक वाटलं होतं. पण आमची मीनू दोन वर्षांची होऊन गेली तरी एक शब्द बोलेना, तेव्हा त्याच गुणाची धास्ती वाटायला लागली. सुमन रोज रडायची, तेही आवाज न करता. जळगावच्या डॉक्टरांनी कान तपासले, जीभ तपासली. सगळं ठीक आहे, तिच्याशी बोलत जा, म्हणाले. आम्ही घरी येऊन मीनूसमोर बसलो. काय बोलावं ते दोघांनाही सुचेना.

दुसऱ्या दिवशी आबा दारात हजर. "तारबाबू, कानमा गयं नही, ते तोंडमातून कसं येई? बाईसाहेबले मन्हाकडे द्या." बाईसाहेब म्हणजे मीनू.

त्या दिवसापासून मीनूच्या दोन फेऱ्या सुरू झाल्या, सकाळची आणि संध्याकाळची. आबा तिला खांद्यावर घेऊन गल्लीत निघत. प्रत्येक दार म्हणजे थांबा. अंगठीने दारावर टकटक करायची, घरातल्याने बाहेर येऊन बाईसाहेबांना एक पूर्ण वाक्य सांगायचं, मग गाडी पुढे. टेलर शिलाईचं मशीन थांबवून सांगे, "बाईसाहेब, आज तीन झंपर शिवायचे आहेत." गिरणीवाला पट्ट्याच्या खडखडाटावर ओरडे, "बाजरी दळी ऱ्हायनू!" सोनारीणबाई फणकाऱ्याने म्हणाल्या, "मला वेळ नाही." आबा म्हणाले, "हाईच बोला, चालई." मग त्या रोज बाहेर येऊन 'बाईसाहेब, मला वेळ नाही' असं म्हणत आणि पुढे अर्धा तास गप्पा मारत.

तीन-चार महिने गेले. एका रविवारी मी ओट्यावर पेपर वाचत होतो. मागून खणखणीत आवाज आला, "पुढे सरका!"

मी मुकाट्याने सरकलो आणि मग दचकून मागे पाहिलं. मीनू कमरेवर हात ठेवून उभी होती. सुमन आतून धावत आली, तिला पोटाशी धरून रडली आणि या वेळी चांगली मोठ्याने रडली. खरं सांगायचं तर मला आनंदाबरोबर थोडा हेवाही वाटला. पहिला शब्द 'बाबा' असता तर काय बिघडलं असतं?

हे मी आबांच्या बायकोला, अक्कांना सांगितलं, तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही घरमा तरी व्हतात, भाऊ. हे पहाटे ड्युटीले जायेत तवय आमना पोऱ्या प्रकाश झोपेल, येयेत तवय बी झोपेल. तो कवय बोलाले लागना, यासले मालूमच नही. आते दोन्हीसले एकमेकसनासंगे बोलानी सवयच नही."

प्रकाश नाशिकला कारखान्यात होता. त्या वर्षी मशीनवर पाय दुखावला म्हणून दिवाळीला जरा लंगडतच आला. त्यांच्या ओट्याच्या एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला आबा असे तासभर बसले होते. दोघंही रस्त्याकडे बघत होते. तेवढ्यात मीनू पळत गेली आणि आबांच्या मांडीवर चढली. आबांनी टोपी सारखी केली.

"बाईसाहेब," ते मीनूला म्हणाले, "पाव्हणासले इचारा, पाय कसा शे?"

प्रकाश चमकला. आबांकडे न बघता तोही मीनूलाच म्हणाला, "आबासले सांगा, बरा शे. दोन दिन राहसू यंदा."

"दोन दिन!" मीनूने आबांच्या कानात ओरडून सांगितलं.

आबा बराच वेळ मीनूच्या झबल्याचं बटण लावत राहिले. ते आधीच लागलेलं होतं. समोरच्या ओट्यावर मी हातातला पेपर खाली ठेवला. शेवटी आबा म्हणाले, "बाईसाहेब, इचारा... आठ दिन जमतीन का?"

मीनूने विचारायला तोंड उघडलं. पण प्रकाश तोवर उठून आबांच्या शेजारी येऊन बसला होता. त्याने मीनूकडे पाहिलंच नाही.

"जमतीन, आबा," तो म्हणाला.