चार इंच वर

"पिकअपचं सस्पेन्शन बदलावं म्हणतोय," काचवाला चहाच्या कपात बघत म्हणाला.

त्याच्या बायकोने शिवणयंत्र थांबवलं नाही. पडद्याची चुणी सुईखालून सरकवत तिने विचारलं, "काय बिघडलंय त्याचं?"

"बिघडलं काही नाही. उंच करायचं. चार इंच. स्प्रिंगचे पाटे जाड घालायचे, शॉकॲब्सॉर्बर लांब. खडकाळ रस्त्यावर मग गाडी कशी छान चढते."

"आपल्या गल्लीत खडक कुठे आलेत?"

प्रश्न रास्त होता. काचवाला एकोणीस वर्षं काचा वाहत होता आणि त्या एकोणीस वर्षांत त्याने गाडीला खडक सोडाच, साधा खडासुद्धा सुखाने लागू दिला नव्हता. पिकअपच्या हौद्यात तिरका लाकडी सांगाडा, सांगाड्यावर काचा, आणि पुढे हा. खड्डा आला की गाडी थांबवायचा, खड्ड्याकडे नीट बघून घ्यायचा, मग आजारी माणसाला पलंगावरून उतरवावं तसं एकेक चाक खाली उतरवायचा. सायकलवाले त्याला मागे टाकून जायचे. सगळे त्याला 'सावकाश' म्हणत, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे.

अशा माणसाला अचानक डोंगर चढायची हुक्की यावी, याचं बायकोला नवल वाटलं. वय झालं की पुरुषांना काहीतरी होतं, कुणी केस रंगवतात, कुणी गाड्या उंच करतात, असं तिने मनाशी ठरवलं आणि ती पुढच्या चुणीकडे वळली.

खरी गोष्ट वेगळी होती. दोन महिन्यांपूर्वी ती तिच्या बहिणीशी फोनवर बोलत होती आणि हा दाराआड चपला शोधत होता. "समुद्राचं काय गं, बसने जाऊन बघता येतो," ती म्हणत होती. "पण लग्न झाल्या झाल्या आम्ही टेकडीवर चढून जायचो ना, तिथून लांबवर दिसायचा बघ, निळी पट्टी नुसती. तसा एकदा बघायचा होता. आता या गुडघ्याने कसली टेकडी." मग ती हसली आणि बहिणीला पडद्यांचं काहीतरी सांगू लागली. काचवाल्याला चपला सापडल्या, पण त्या घालून कुठे जायचं होतं हे तो विसरून गेला.

तिच्या यंत्रासमोरच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची. दिवसभर तेवढीच. इतरांच्या खिडक्यांना काच हा बसवायचा, पडदे ती शिवायची, आणि तिच्या स्वतःच्या खिडकीत टाकी. त्या दिवसापासून त्याला ती टाकी बघवेना. टेकडीवर सात किलोमीटरचा दगडधोंड्यांचा रस्ता गेला होता. तिला गाडीत बसवून वर न्यायचं, आणि वर पोचेपर्यंत काही सांगायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

तो मेकॅनिककडे गेला. मेकॅनिक गाडीखालून नुसता आवाजाने बाहेर आला. "बदलायचं की नाही हे मी कसं सांगणार? एका गिऱ्हाइकाने सेट परत केलाय, तो बसवून देतो. आठ दिवस चालवा. पटलं तर ठेवा, नाही पटलं तर जुने पाटे आहेतच."

"त्याने परत का केला?"

"त्याची बायको नको म्हणाली," मेकॅनिक म्हणाला. काचवाल्याने हे कारण फार मनावर घेतलं नाही.

तेवढ्यात मेहुणा हजर झाला. मेहुण्याकडे गाडी नव्हती, लायसन्स नव्हतं, पण त्याने डोंगरात गाड्या चालवण्याचे एवढे व्हिडिओ पाहिले होते की त्याचं मत मागावं लागत नसे. "दाजी, चार इंचाच्या खाली विचारच करू नका," तो म्हणाला. "अहो, चार इंचाने माणसाचा आत्मविश्वास वाढतो."

संध्याकाळपर्यंत गाडी चार इंच वर गेली. आत्मविश्वास मात्र त्याच्या दुकानाच्या दारापर्यंतच टिकला. सांगाड्याचं टोक एकोणीस वर्षं शटरच्या पट्टीखालून जेमतेम आत जायचं. आज ते आत गेलं नाही. वरची काचेची पाटी फुटली आणि 'काच जपून हाताळा' हे शब्द काचवाल्याच्याच गाडीच्या टपावर येऊन पडले. मेहुण्याने तुकडे गोळा करता करता "ही तर सुरुवात आहे" असं म्हटलं. त्याला उत्तेजन द्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दंतवैद्याची खिडकी होती. काचवाल्याचे हात डोळ्यांना विचारून काम करत नसत. हौद्याचा काठ कमरेशी असतो हे त्यांना पाठ होतं. आज काठ बरगड्यांशी होता, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. काच काठावर टेकली आणि गेली. दुसरी आणली, तीही तशीच गेली. दंतवैद्य दारात उभा राहून म्हणाला, "सावकाश." हाक मारली की सूचना केली, ते कळलं नाही.

शिवाय रिकामी गाडी उडू लागली. जाड पाट्यांना ओझं हवं असतं. ओझं नसलं की ते आतल्या माणसांवर राग काढतात. गतिरोधकावर मेहुण्याचं डोकं टपाला लागलं आणि तो प्रथमच दहा मिनिटं गप्प बसला. काचवाला म्हणाला, "पटतंय मला हळूहळू." काय पटतंय ते त्याने सांगितलं नाही, कारण त्यालाही धड कळलं नव्हतं. एवढं सगळं होऊनही त्याच्या डोळ्यांपुढे ती निळी पट्टीच येत होती.

चौथ्या दिवशी बायकोला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. गाडीची सीट तिच्या छातीशी आली होती. ती दाराकडे बघत उभी राहिली, मग नवऱ्याकडे बघितलं.

"मी यात चढायचं कसं?"

"स्टूल आणतो ना."

स्टुलावरून, नवऱ्याच्या खांद्यावरून आणि थोडीशी देवाच्या नावावरून ती आत बसली. काचवाला खुशीत येऊन निघाला. दवाखान्यासमोर गाडी थांबल्यावर दोघांच्या लक्षात आलं, की स्टूल घरासमोर रस्त्यावर राहिलंय.

"उडी मार, मी झेलतो," काचवाला म्हणाला.

"परवा दोन काचा झेलल्यात तुम्ही. मी नाही उतरायची."

मग डॉक्टरच खाली आले. त्यांनी रस्त्यावर उभं राहून, हात वर करून, फळीवरचा डबा काढावा तसा तिचा गुडघा तपासला. "दुखतं का इथे? पाय लांब करा." तिने पाय लांब केला तो डॉक्टरांच्या चष्म्याला लागला. चार माणसं जमली. एकाने आपलाही गुडघा दाखवून घेतला. शेजारच्या कापडवाल्याने, ती पडद्यांची बाई गाडीत अडकलीय असं ऐकून, अस्तराचे दोन तागे खिडकीशी आणून धरले, आणि तिने बसल्या जागी रंगही निवडला. जाताना डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "यांना चढउतार करू देऊ नका असं मी सहा वर्षं सांगतोय. ही गाडी कुणाच्या सल्ल्याने उंच केली?"

काचवाल्याने मेहुण्याचं नाव घेतलं नाही. त्याचा चेहरा उतरला होता. घराच्या दारात आल्यावर त्याने स्टूल मांडलं, आणि पुन्हा गाडीतच येऊन बसला.

"आता खरं सांगा," बायको म्हणाली. "हे कशासाठी चाललंय?"

"तुझ्यासाठी," तो म्हणाला. "तू बहिणीला म्हणालीस ना, टेकडीवरनं समुद्र बघायचाय. रस्ता खराब, म्हणून गाडी उंच केली. आणि आता त्या गाडीत तुलाच चढता येत नाही. एवढीशी अक्कल नाही मला."

तिला सहा वर्षांत पहिल्यांदा गुडघा सोडून दुसरीकडे कुठेतरी दुखलं, आणि ते दुखणं तिला आवडलं.

"उद्या ते पाटे परत द्या," ती म्हणाली. "जुनेच बसवा. आणि वर जाताना मागे काच ठेवा. चांगली मोठी."

"काच कशाला? फुटेल ना."

"म्हणूनच ठेवा. मागे काच असली की तुम्ही गाडी कशी चालवता ते मी बघितलंय. मी एकटी असले की कशी चालवता तेही बघितलंय."

काचवाला उतरला आणि त्याने तिच्यासाठी स्टूल सरळ केलं.

दोन दिवसांनी केशकर्तनालयाचा मोठा आरसा दुपारी पोचवायचा होता. सकाळी तोच सांगाड्यावर बांधला, जुन्या पाट्यांवर गाडी पुन्हा खाली बसली होतीच, आणि बायको स्टुलाशिवाय आत चढली. सात किलोमीटरला पावणेतीन तास लागले. प्रत्येक दगडापाशी काचवाला थांबला, दगडाकडे नीट बघून घेतलं आणि एकेक चाक वरून अलगद उतरवलं. लाकडाची मोळी घेतलेली एक म्हातारी त्यांना मागे टाकून गेली आणि मोळी टाकून परत येताना पुन्हा भेटली. पण आरशाला चरा गेला नाही, आणि बायकोचा गुडघा एकदाही कळवळला नाही.

"जवळ आलं," ती खिडकीबाहेर मान काढून म्हणाली. "इथे आपण पाणी प्यायला थांबायचो." तिचा आवाज बदलला होता. काचवाल्याने तो आवाज पुष्कळ वर्षांनी ऐकला.

माथ्यावर गाडी थांबली आणि समोर भिंत आली. नवीकोरी, दगडी. माणसं कड्यावरून पडू नयेत म्हणून कुणीतरी बांधलेली. काचवाला खाली उतरला, टाचा उंचावल्या, आणि त्याला समुद्र दिसला. बायकोला सीटवरून भिंतीचा कठडा दिसत होता आणि वर आकाश. तिने मान ताणली. खाली उतरून पाहिलं, तर आणखीच कमी. पुन्हा वर येऊन बसली.

"किती कमी पडतंय?" त्याने विचारलं.

तिने डोळ्यांपुढे हात आडवा धरून अंदाज घेतला आणि हात खाली केला. "चार इंच," ती म्हणाली.

दोघंही भिंतीकडे बघत राहिली. काचवाल्याला रडू येईलसं वाटलं, म्हणून तो उगाच आरशाच्या दोऱ्या तपासायला मागे गेला. आरशात भिंतीच्या वरून एक निळी पट्टी होती. तो क्षणभर तिथेच थबकला.

मग त्याने गाडी वळवली, समुद्राकडे पाठ करून उभी केली. भिंत बांधून उरलेल्या दगडांचा ढीग गाडीसमोर होता. दोऱ्यांतून आरसा सोडवून घेऊन तो त्या ढिगावर चढला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून, किंचित खाली कलवून धरला.

"दिसतो का?"

"आकाश दिसतंय. जरा खाली. अजून. हां."

"दिसला?"

"दिसला," ती म्हणाली. पुढच्या काचेतून तिला आरशात ती पट्टी दिसत होती, आणि आरशाखाली नवऱ्याची हनुवटी आणि सदऱ्याची दोन बटणं. "हलतोय जरा."

"समुद्र हलणारच गं."

"समुद्र नाही हो, तुम्ही हलताय." ती डोळे पुसत हसली. "तुम्हाला दिसतोय का?"

"मला आरशाची पाठ दिसतेय."

"मग या ना इकडे."

"मी आलो तर धरायचं कुणी?"

यावर तिने थोडा विचार केला. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून ती त्याला समुद्र सांगू लागली, पट्टी कुठे गडद आहे, कुठे चमकते, एक होडी आहे की नुसता ठिपका. काचवाला आरशाच्या तपकिरी पाठीकडे बघत ऐकत राहिला. खिशातला फोन वाजायला लागला. केशकर्तनालयवाला असणार, दुपार झाली होती.

"वाजू दे त्याला," ती म्हणाली. "जरा डावीकडे घ्या. होडी निघून चाललीय."