मथुरेचं बुजगावणं

"माझ्या परड्यात एक जरी माकड दिसला, तर नावाचो तुकाराम न्हय!"

मालवणच्या मासळीबाजारात, हातात ताज्या बांगडा मासळीची पिशवी घेऊन, तुकारामाने हे दहा जणांना ऐकवलं. आता आमच्याकडची माकडं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. रान सोडून ती कधीच गावात राहायला आलीत. केबलच्या वायरींवरून येतात, कौलं फोडतात, शहाळी अर्धी पिऊन टाकतात आणि वर आपल्यालाच दात दाखवतात. पण तुकारामाच्या घरामागच्या परड्यात इतकी वर्षं त्यांची डाळ शिजली नव्हती. त्याचं कारण तुकाराम नव्हे, त्याची बायको मथुरा. ती काठी घेऊन मागच्या दारात आली आणि "मेल्यांनो, इलास?" म्हणाली की चाळीस माकडं शेपट्या गोळा करून पळत.

शिमगा झाला आणि मथुरा गेली. तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत सगळं आटोपलं. बाराव्यापर्यंत माकडांनी दम धरला. तेराव्याला अख्खी टोळी परड्यात हजर!

तेव्हा तुकारामाने अक्कल लढवली. दोन काठ्यांच्या फुलीवर पेंढा बांधला, मडक्याचं डोकं केलं आणि त्याला मथुरेचं हिरवं पातळ नेसवलं. निऱ्या काही जमेनात. तीनदा सुटल्या, चौथ्यांदा सुतळीने बांधल्या. हातात तिचीच काठी दिली. आणि काय सांगू, माकडं कुंपणावरूनच मागे फिरली!

इथवर ठीक होतं. पण बुजगावणं रोज डोळ्यांसमोर, तसा तुकाराम त्याच्याशी बोलायला लागला. "आज बांगडे ताजे नाय गावले." "तुझी जास्वंद फुलली गो." मथुरा होती तेव्हा दिवसाला चार शब्द बोलणारा हा माणूस, आता परड्यातून हलेना. शेजारच्या राधाबाईंनी कुंपणाआडून ऐकलं.

"तुकाराम, कोणाशी बोलतंस रे?"

"कोणाशी नाय, काकी. बुजगावणा आसा ता."

"बुजगावण्याक कोण 'जेवलंस काय' विचारता?"

पेंढ्याशी बोलतो म्हणावं तर लोक वेड्यात काढतील. तुकारामाने मान खाली घातली आणि राधाबाईंनी समजायचं ते समजून घेतलं. दुपारपर्यंत वाडीभर झालं, की मथुरेचा जीव बुजगावण्यात शिरलाय, म्हणून तर माकडं घाबरतात.

रविवारी सकाळी वाडी जमली. देवापुढे गाऱ्हाणं घालायला वाडीतला बाबली आला. त्याचा आवाज असा, की देवाला ऐकू आलं नाही म्हणायची सोय नाही. बुजगावण्यापुढे विडा ठेवला, नारळ ठेवला.

"बा देवा महाराजा! ह्या मथुरेचो जीव हयसर अडाकलो आसा, तो मोकळो कर. तिका ह्या घराक बांधून ठेव नको, रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले.

तुकाराम सोडून सगळे. बाबलीने त्याला कोपराने ढोसलं. "व्हय म्हण रे. घरधन्यान म्हणाक होया."

तुकारामाने हात जोडले, पण तोंड उघडेना. त्याला उलटंच म्हणायचं होतं. ऱ्हवांदे तिका हयसर, महाराजा. आमका काय त्रास नाय तिचो.

तेवढ्यात माडावरून एक म्हातारी, शेपूट तुटलेली माकडीण उतरली. माणसं हां हां म्हणेपर्यंत तिने नारळ उचलला, पदर धरून सरळ मडक्यावर चढली आणि सगळंच खाली आलं. मडकं फुटलं, पेंढा विस्कटला, पातळ टरकन फाटलं.

"गाऱ्हाणा लागला!" बाबली खूश झाला. "मथुरा सुटली."

आणि तुकाराम त्या खापऱ्यांत बसून हमसून हमसून रडला. तो बाराव्यालाही रडला नव्हता. राधाबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आता माकडं रोज येतात. तुकाराम काठी घेऊन मागच्या दारात उभा राहतो आणि थेट मथुरेच्या सुरात ओरडतो, "मेल्यांनो, इलास?" माकडं दचकून थांबतात आणि त्याच्या पाठीमागे, घराच्या आत बघतात. तुकारामही वळून बघतो.

मग माकडं निवांत शहाळी पाडायला लागतात.