एल्डन टपालवाला

एल्डनने जपानचा ट्रक घरी आणला त्या दिवसापासून वर्ना त्याला ट्रक म्हणतच नव्हती, डबा म्हणायची. पंचवीस वर्षं तिकडे राबून आलेली ती पांढरी गाडी शेजाऱ्यांच्या दांडग्या गाड्यांपुढे वासरू दिसे, हे खरं. पण ती गोठ्याच्या दारातून सरळ आत जाई, ओल्या रानात रुतत नसे, आणि मागच्या हौद्याच्या तिन्ही बाजूंच्या फळ्या खाली पडत असल्यामुळे सहासष्टाव्या वर्षी एल्डनला पोती चढवताना पाठ धरावी लागत नसे. नवऱ्याची पाठ वाचली हे वर्नालाही दिसत होतं. पण एकदा नाव ठेवलं की मागं घ्यायचं नाही, ही तिची माहेरची सवय.

"मेले तरी मी या डब्यात बसणार नाही," तिने बजावलं होतं. "जत्रेपर्यंत ठेव हौसेला. मग ज्याच्याकडून आणलास त्याच्या दारात नेऊन लाव."

एल्डनची एकच खोड सुटत नव्हती. इथे अमेरिकेत, आमच्या मिसुरीत, गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, याचं उजवीकडे. तीन आठवडे झाले तरी गडी दिवसातून दोनदा डावीकडून चढून बसायचा, चाक शोधायचा आणि कोणी पाहिलं नाही ना याची खात्री करून वळसा घालून पलीकडे जायचा.

त्या दिवशी वर्नाने त्याच्या हातात एक पाकीट दिलं. काउंटीच्या जत्रेतल्या लोणच्याच्या स्पर्धेचा अर्ज. शेपू घातलेल्या काकडीच्या लोणच्याला पहिला नंबर आला की निळी फीत, दुसरा आला की लाल. वर्नाकडे लाल फिती नऊ होत्या, कारण निळ्या नऊच्या नऊ ओपल हेगर या म्हातारीने नेल्या होत्या. अर्जावर पोस्टाचा आजचाच शिक्का पडायला हवा होता. सकाळी टपालवाला येऊन गेला तेव्हा अर्ज पुरा झाला नव्हता, कारण मीठ किती ते लिहावं की लपवावं यावर वर्नाचं स्वतःशीच एकमत होत नव्हतं.

"पोती दळायला नेतोच आहेस, तर हे पोस्टात टाक. साडेचारला बंद होतं. एल्डन, या वर्षी लाल फीत आली ना, तर मी काकड्या लावणंच सोडणार."

हे ती रागाने म्हणाली नाही, म्हणून एल्डन जरा घाबरला.

एवढ्याशा ट्रकला हमरस्त्यावर परवानगी नाही, म्हणून तो खडीच्या आडवाटेने निघाला. ओढ्याचा पूल तीन मैलांवर राहिला असेल तेवढ्यात मक्याचं एक पोतं घसरलं. ते सावरून बांधायला त्याने गाडी कडेला घेतली, ती नेमकी ओपलबाईंच्या टपालपेटीला खेटून. पोतं बांधून तो आत बसतो न बसतो तोच म्हातारी काठी टेकत पेटीपाशी आली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि समोर पांढरी गाडी. आमच्या भागात उजवीकडे बसून गाडी चालवतो तो फक्त टपालवाला, खाली न उतरता पेटीत हात घालता यावा म्हणून. जुना गेल्याच महिन्यात निवृत्त झाला होता. म्हातारीचा हिशेब चोख होता.

"तूच का रे नवा? सकाळी येऊन गेलास, पण परत आलास हे बरं केलंस," तिने पाकीट खिडकीतून आत दिलं. "लोणच्याचा अर्ज आहे बाबा, आजच जायला हवा."

मी टपालवाला नाही, असं सांगायला एल्डनने तोंड उघडलं होतं. पण म्हातारी थांबेल तर ना. ती काठीवर रेलून हळूच म्हणाली, "तू नवा आहेस म्हणून सांगते, गावात बोलू नकोस. पलीकडच्या वर्नाचं लोणचं माझ्यापेक्षा सरस आहे. दर वर्षी तिची बरणी उघडली की मला धडकी भरते. परीक्षकांना कळत नाही, हे माझं नशीब."

आता 'मी वर्नाचा नवरा' म्हणून सांगायची सोय राहिली नव्हती. एल्डनने टोपी कपाळावर ओढली आणि गाडी काढली.

पुलावर आल्यावर मात्र त्याने गाडी थांबवली. खाली ओढा, हातात पाकीट. खिडकीतून उडालं म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? नऊ लाल फिती त्याच्या डोळ्यांसमोर आल्या. पण म्हातारीने विश्वासाने दिलेलं. स्वतःलाच दोन शिव्या घालून तो पुढे निघाला.

पोस्टात पोचला तेव्हा चार सत्तावीस झाले होते. ओपलबाईंच्या पाकिटावर शिक्का पडला. वर्नाचं काढायला तो धावत गाडीत येऊन बसला, चाळीस वर्षं कागद खोचायच्या सवयीने काचेवरच्या उन्हाच्या झापेमागे हात घातला, आणि तिथे काहीच नव्हतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर राहिलं असणार, असं त्याला वाटलं, आणि त्याचा चेहरा उतरला. मागे पोस्टाचं दार लागलं.

घरी त्याने सगळं कबूल केलं. टेबलावर पाकीट नव्हतं. वर्ना तडक बाहेर गेली, डब्याचं डावं दार उघडलं आणि तिथली झाप खाली ओढली. पाकीट सीटवर पडलं. निघताना गडी आधी डावीकडेच चढला होता आणि पाकीट तिथेच खोचून वळसा घालून गेला होता.

"म्हणजे तिचा अर्ज गेला," वर्ना म्हणाली, "आणि माझा इथे."

तिचे डोळे भरून आले तेव्हा एल्डनला राहवेना. म्हातारीने बजावलेलं बाजूला ठेवून त्याने खिडकीतलं बोलणं सांगून टाकलं.

वर्ना पायरीवर बसली. "पुन्हा सांग."

त्याने सांगितलं.

"भीती वाटते म्हणाली, की धडकी भरते?"

"धडकी."

तिने ते आणखी एकदा म्हणवून घेतलं, डोळे पुसले आणि ट्रककडे पाहिलं. मग म्हणाली की गाडी परत द्यायची काही घाई नाही, राहू दे.

"आणि उद्या दुपारी पुन्हा त्याच वाटेनं जा. तिच्या पेटीपाशी थांब आणि लोणच्याचा विषय काढ."

"उद्या कशाला? सगळं सांगितलं ना तुला."

"तुझ्याकडून ऐकलं. तिच्या तोंडून ऐकायचंय मला."

"या डब्यात तू मेलीस तरी बसणार नव्हतीस ना?"

"नाहीच बसणार," वर्ना उठली. "मी मागे बसेन, पोत्यांच्या आड. तू फक्त हळू चालव."