आप्पासोंच्या मातीचा रिपोर्ट

राजमतीबाईंनी मातीचा रिपोर्ट आप्पासोंच्या पुढ्यात आपटला.

"कीटकनाशक निघालंय मातीत! कीड मारनार न्हाय म्हणून जैन मुनी महाराजांपुढं नेम घेतलासा, आनि चोरून फवारतासा व्हय?"

आप्पासो गारच पडले. सेंद्रिय गुळाच्या दाखल्यासाठी त्यांनी मोठ्या हौसेनं कागलच्या रानातली माती कोल्हापूरच्या एका प्रयोगशाळेत दिली होती. सहा वर्षं रानाला शेण, बेसन आणि गुळाच्या पाण्याशिवाय काही ठाऊक नव्हतं. हातावर डास बसला तरी हा माणूस फुंकर घालून उडवायचा. आणि त्याच्या नावावर विष!

"मशीन चुकलं असंल की," ते कसेबसे म्हणाले.

"खोटं बोलून मशीनला काय मिळनार हाय?"

पुन्हा माती दिली. या खेपेला विष दुप्पट! आप्पासोंचं धाबं दणाणलं. राजमतीबाईंनी बोलणं टाकलं, गोठ्याचा माळा आणि नवऱ्याची ट्रंकसुद्धा हुंगून बघितली. तिसऱ्यांदा माती दिल्यावर चौथ्या दिवशी त्या स्वतःच प्रयोगशाळेत जाऊन थडकल्या. मागून खाली मान घालून आप्पासो.

तपासणी करणाऱ्या विद्याश्री मॅडमनी मशीनचा कागद पसरला. "काकू, आम्ही माती सावलीत वाळवतो, चाळतो, द्रावकात उकळून तिच्यातलं औषध काढतो आणि मशीनला देतो. ही तुलनेसाठी घेतलेल्या धुतलेल्या वाळूची रेघ, औषध नाही म्हणून सपाट. आणि हा काकांचा डोंगर."

"डोंगर!" राजमतीबाईंनी नवऱ्याकडं असं बघितलं की आप्पासोंना तोंड कुठं लपवावं कळेना. "मला माती दावा. कुटं वाळतीया?"

मॅडम त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेल्या आणि दारातच थिजल्या. ट्रेमध्ये कागलची माती पसरली होती, आणि शिपाई जोतीराम तिच्यावर डब्यातली पांढरी पावडर मन लावून भुरभुरत होता.

"जोतीराम! हे काय करतोस?"

"मुंग्यांची पावडर, म्याडम. ह्या एकाच पावण्याच्या मातीला गुळाचा वास मारतोय. नुसत्या रांगा लागत्यात. पयल्यापास्नं टाकतोय की!"

मॅडम मटकन स्टुलावर बसल्या. "अगं आई गं! आणि मी दोनदा सही केली!"

आप्पासोंच्या जिवात जीव आला. "ऐकलंस का? म्या न्हवं! म्या न्हवं त्यो!"

राजमतीबाई ऐकतच नव्हत्या. त्या ट्रेवर वाकून मातीतले काळे ठिपके बघत होत्या. "किती मेल्या असत्याल रं?"

"मोजतंय कोन? रोज सुपलीभर झाडून टाकतोय," जोतीराम अभिमानानं म्हणाला.

राजमतीबाईंनी दोन्ही गालांवर हात मारून घेतले.

"काका, चूक आमची," मॅडम हात जोडून म्हणाल्या. "नवा रिपोर्ट स्वच्छ मिळेल."

"त्यो द्या सावकाश." राजमतीबाई नवऱ्याकडं वळल्या. "माती कुनाची?"

"आपली की."

"गूळ कुनी घातला तिच्यात?"

"म्या," आप्पासो अजून हसतच होते.

"मग उद्यापास्नं आठ दिस उपास धरा."