दोन खोल्या आणि एक टेकडी

नवरा-बायकोला एकमेकांचं तोंडही न दाखवता त्यांचं भांडण मिटवणारी बाई आमच्या अख्ख्या जिल्ह्यात एकच, आणि ती म्हणजे मी, ग्लेनिस! निदान त्या दिवशी सकाळपर्यंत माझं तसं ठाम मत होतं.

पद्धत अगदी सोपी. कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉलच्या दोन खोल्या उघडायच्या. एकीत नवरा, दुसरीत बायको. मी आळीपाळीने दोन्हीकडे जायचं आणि इकडचं तिकडे सांगायचं, तेवढं तिखट काढून. शेजारपाजारी याला चहाडी म्हणतात. मला त्याचा पगार मिळतो.

त्या दिवशी डॅरिल आणि लियान पर्किस यांची पाळी होती. डॅरिलचा मेंढ्यांचा फार्म. लियान नर्स, वेगळी झाल्यावर तात्पुरती फार्मपलीकडे बहिणीकडे राहणारी. तिला आता शहरातल्या हॉस्पिटलात नोकरी लागली होती. आठ वर्षांच्या हेटीला तिथल्या शाळेत घालायचं असं तिचं म्हणणं. डॅरिल म्हणे, पोरगी फार्मजवळच्याच शाळेत राहणार! सोमवारी शाळा उघडत होत्या. आज जमलं नाही तर प्रकरण कोर्टात, आणि कोर्टाचा निकाल लागेपर्यंत पोरगी लग्नाला येईल!

समोरासमोर बसवायची सोय नव्हती. मागच्या वेळी माझ्या ऑफिसात बसवलं, तर बिस्किटांचा डबा खिडकीतून बाहेर गेला होता. म्हणून दोघांना बजावलं होतं, "शांत जागी एकटे बसा. आणि एकमेकांशी एक शब्द बोलायचा नाही!"

आधी डॅरिलच्या खोलीत गेले. तो त्याच्या पिकअपमध्ये बसला होता, मांडीवर भुंकणारा कुत्रा.

"काय म्हणणं आहे तुमचं?"

"तिला सांगा, पोरगी म्हणजे सुटकेस नाही!"

मी लियानच्या खोलीत गेले. तीही गाडीतच. "डॅरिलला हेटीची फार काळजी वाटते," मी गोड आवाजात म्हणाले.

"असं म्हणाला तो? डॅरिल? त्याला ताप आलाय का?"

एवढ्यात तिच्याकडे कुत्रा भुंकला. हाच आवाज मी आत्ता डॅरिलकडे ऐकला होता! मी दुर्लक्ष केलं. पण मग लियानच्या खिडकीतून एक ओलं नाक आत आलं, पाठोपाठ एक तुटका कान. हा तर स्पॅनर, डॅरिलचा कुत्रा! दोन मिनिटांपूर्वी तो डॅरिलच्या मांडीवर होता!

खोल्या फुटल्या! एकीकडचं दुसरीकडे जातंय! मी दोघांना थांबवून आमच्या संगणकवाल्याला फोन लावला.

"कुत्रा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलाय!"

"दार उघडं राहिलं असेल, मॅडम."

"अहो, खरी खोली नाही! तुमची, कॉम्प्युटरमधली!"

"मग कुत्र्याला पासवर्ड कुणी दिला?"

मी फोन आपटला आणि डॅरिलकडे परतले.

"ग्लेनिसबाई, स्पॅनर गेला का तिच्याकडे? शिट्टी मारू?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"दिसतोय की! ती काय, तिची गाडी पाण्याच्या टाकीपलीकडे उभी आहे."

मी कपाळावर हात मारला. त्यांच्या भागात मोबाईलला रेंज मिळते ती एकाच टेकडीवर! बँक असो, डॉक्टर असो, सगळं गाव फोन घेऊन तिथे चढतं. हे दोघंही चढले होते, आणि माझ्या हुकमाप्रमाणे एकमेकांकडे पाठ करून बसले होते.

"मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही बोलू नका म्हणालात!"

"एकाने ताबडतोब खाली उतरा!" मी दोन्ही खोल्यांत जाऊन बजावलं.

"खाली रेंज नाही," लियान म्हणाली.

"आणि माझी बॅटरी उतरली," डॅरिल म्हणाला. "सकाळपासून तुमच्यासाठी फोन चार्जिंगला लावून पंखा चालवतोय. गाडी चालूच होत नाही."

मी लियानला हे सांगितलं. तिने सुस्कारा सोडला. "जंपर केबल असणारच नाही त्याच्याकडे. थांबा, माझी गाडी त्याच्याशेजारी लावून बॅटऱ्या जोडते."

"लियान, नियमाप्रमाणे तुम्ही..."

गेली! मी लॅपटॉपवर एक खोली उघडली, मोबाईलवर दुसरी. दोन्हीकडे रिकाम्या सीट. फक्त आवाज येत होते.

"लाल आधी!"

"मला शिकवू नकोस!"

"डॅरिल, ठिणगी!"

मी अँब्युलन्सचा नंबर शोधायला लागले. मग इंजिनाची घरघर एकदम बंद झाली. त्याहून वाईट! बऱ्याच वेळाने डॅरिलचा आवाज आला, अगदी हळू.

"हेटी शहरात गेली की पाहुणी होईल गं माझ्याकडे. संध्याकाळी घर खायला उठतं."

"मला रात्रपाळ्या आहेत, डॅरिल. तेव्हा तिच्याजवळ कोण झोपणार याच विचाराने माझी झोप उडालीये."

"मी येतो ना! एवढं विचारायला मधे ग्लेनिसबाई कशाला हव्या होत्या?"

"तू ऐकून घेत होतास का?"

"आत्ता ऐकतोय."

मी ऑफिसात एकटी बसून नाक पुसत होते. सर्दीच असावी.

थोड्या वेळाने लियानचा लालबुंद चेहरा पडद्यावर आला. "लिहून घ्या, बाई. शाळा शहरात. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ आणि सगळ्या सुट्ट्या फार्मवर. माझ्या रात्रपाळीला डॅरिल शहरात येणार."

"अभिनंदन!" मी ओरडले. "आता शांतपणे घरी जा!"

दोघंही चुळबुळले.

"त्याचं असं झालं," डॅरिल म्हणाला, "आवाज ऐकू येईना म्हणून तिचं इंजिन बंद केलं, आणि केबल तशीच राहिली. आता तिचीही बॅटरी गेली."

"आणि हेटी शहरात पोहण्याच्या क्लासला आहे," लियान म्हणाली. "आत्ता सुटेल. तुमच्या ऑफिसामागेच आहे. पोहण्याच्या तलावावर मी फोन करून सांगते, तोवर तिला तुमच्याकडे ठेवाल?"

अशा रीतीने, ज्या पोरीचा ताबा कुणाकडे हे मी दिवसभर ठरवत होते, ती करार झाल्या झाल्या माझ्याकडे आली! ओले केस, खांद्यावर टॉवेल, चेहऱ्यावर संशय.

"आई-बाबा कुठे आहेत?"

"टेकडीवर. गप्पा मारतायत."

"एकमेकांशी?"

"हो गं!"

तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, तिला घेऊन आलेल्या तलावावरच्या मुलीकडे वळली आणि म्हणाली, "या बाईंबरोबर मी जाणार नाही. या खोटं बोलतायत."