तिसऱ्या मजल्यावरची टेकडी

गेल्या शनिवारी आम्ही एक टेकडी पाळायला आणली. लहानच आहे, कमरेएवढी. अजून अंगावर नीट गवतसुद्धा फुटलेलं नाही.

कुत्रं की मांजर, असा वाद आमच्याकडे झालाच नाही. टेकडी हवी होती ती अप्पांसाठी. माझे सासरे उभा जन्म रोज सकाळी टेकडीवर गेले. वर पोचले की कपाळावर आडवा हात धरून आपली इमारत शोधायचे, आणि घरी आल्यावर बूट काढता काढता मला सांगायचे, "आपलं घर दिसलं बरं का!" गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते सगळं थांबलं. तेव्हापासून अप्पा आतल्या खोलीतून जेवायला तेवढे बाहेर यायचे.

त्यामुळे अर्ज मंजूर झाल्यावर मला टेकडीला कुठे ठेवू आणि कुठे नको असं झालं. टेकडी देणाऱ्या कार्यालयातून गोडांबेबाई घर बघायला येणार म्हणून मी पोहे केले, पडदे धुतले. मला बघायला आले होते त्या वेळीही माझ्या माहेरी एवढी धावपळ झाली नव्हती.

बाईंनी हॉलमध्ये एक गोटी ठेवून पाहिली. ती जागची हलली नाही, तसा त्यांचा चेहरा पडला.

"फारच सपाट आहे हो. तिला परकं वाटेल. दोन फरश्यांखाली थोडी खडी घाला."

"घालतो," श्रीरंग म्हणाला. श्रीरंग म्हणजे माझा नवरा.

"पंखा काढा, तिचं वाढीचं वय आहे. फिनाईल बंद. आणि पायथ्याशी एक बाक लागेल, कोणाच्या तरी स्मरणार्थ. नुसता बाक तिला ओळखू येत नाही." मग त्यांना कोपऱ्यात आमच्या लेकीचा, रेवतीचा, खेळण्यातला पिवळा जेसीबी दिसला. "हा माळ्यावर टाका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आजच."

शेवटी पोह्यांची बशी हातात घेऊन त्यांनी विचारलं, "घरात धाप लागणारं कोणी आहे?"

"छे छे!" श्रीरंग ताठ बसला. "सगळे एकदम ठणठणीत."

आतल्या खोलीत पेपर मिटल्याचा आवाज आला.

"बघा बुवा," बाई म्हणाल्या. "टेकडी रुसली की सपाट होते. आणि सपाट झाली की बिल्डर येतो. मग आमच्या हातात काही राहत नाही."

जाताना जिन्यात खालच्या मजल्यावरचे पेंडसेकाका त्यांना आडवे आले. "टेकडी पाळीव प्राण्यांत बसते का?"

"बसते. आणि एकदा बसली की कुत्र्यासारखी जिन्यात भुंकत नाही."

"तिची मुळं माझ्या छतातून खाली आली तर?"

"तर त्यांना पाणी घाला."

काकांनी थोडा विचार केला आणि हरकत नसल्याचं सांगितलं.

शनिवारी टेकडी लिफ्टने आली. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला. ती उंबऱ्याशी जरा घुटमळली, मग हॉलच्या मधोमध जाऊन बसली. तिच्या अंगाला उन्हात तापलेल्या मुरमाचा वास होता. पायथ्याशी सासूबाईंच्या स्मरणार्थ बाक होता. मला इतकं भरून आलं की मी तिच्यावरून हातच फिरवत राहिले.

रेवती दोन ढांगांत वर जाऊन खाली आली. श्रीरंग एका ढांगेत. पुन्हा गेले, पुन्हा आले. टेकडी काही बोलली नाही, पण दुपारच्या जेवणापर्यंत ती गुडघ्याएवढी झाली आणि चहाच्या वेळी घोट्याएवढी. रेवती रडायला लागली. मलाही राहवेना.

तेवढ्यात बेल वाजली. दारात एक हसतमुख गृहस्थ टेप घेऊन उभे होते.

"नमस्कार. प्लॉट मोकळा होतोय असं कळलं."

"ही आमची टेकडी आहे," मी म्हणाले.

"असेल, असेल," ते अदबीने म्हणाले आणि टेपचं टोक टीव्हीखाली धरून मापं घ्यायला लागले.

श्रीरंगने घाईघाईने गोडांबेबाईंना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. "अहो, आम्ही सारखे चढतोय तिच्यावर!"

"तुम्ही चढता कुठे? तुम्ही ओलांडताय," बाईंचा आवाज घरभर ऐकू आला. "धाप लागणारं कोणी नाही म्हणालात ना? मग बिचारीने उंच व्हायचं कोणासाठी?"

आतल्या खोलीचं दार उघडलं. अप्पांच्या पायात कॅनव्हासचे बूट होते आणि हातात काठी.

"टेप उचला," ते त्या गृहस्थांना म्हणाले. "आमची फिरायची वेळ झाली."

अप्पांनी काठी टेकवली आणि घोट्याएवढ्या टेकडीवर एक पाय ठेवला. मग दुसरा. लगेच त्यांना धाप लागली. श्रीरंग धरायला पुढे झाला, मी त्याला मागे ओढलं. अप्पांचा श्वास सगळ्या हॉलला ऐकू येत होता, आणि त्यांच्या पायाखाली मुरूम खसखसला. टेकडी गुडघ्याएवढी झाली. ते कमरेवर हात ठेवून थांबले, "जरा दम खाऊ या," म्हणाले, तशी तीही थांबली. मग दोघं पुन्हा निघाली. ती जितकी वर येई तितकी अप्पांना धाप लागे, आणि त्यांना जितकी धाप लागे तितकी ती वर येई. पंखा काढला होता म्हणून बरं.

बिल्डरकडच्या गृहस्थांनी मान वर करून पाहिलं आणि टेप गुंडाळला. "सकाळी किती वाजता उघडते?" त्यांनी मला विचारलं.

"पाचला," मी म्हणाले.

अप्पा माथ्यावर पोचले. डोकं छताला टेकायला वीतभर उरलं होतं. त्यांनी कपाळावर आडवा हात धरला आणि सावकाश सगळीकडे पाहिलं: स्वयंपाकघराच्या दाराकडे, बाकाकडे, रेवतीकडे, श्रीरंगकडे, माझ्याकडे.

"वैजू, चहा टाक," ते वरून ओरडले. "आपलं घर दिसलं बरं का!"